बर्फाशिवाय चिकन

लातूर
१८ नोव्हेंबर २०२४

धम्मानंददादास,
बुद्धप्रियाचा जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. कॉलेजात परीक्षा चालू आहेत, सकाळी जरा थंडी पडते. वहिनी आणि मुलं बरी असतील. तुझा निरोप मिळाला. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आत्याच्या आजारपणाचा दोष माझ्या पॅकिंगचा आहे, आणि तसं मी लिहून दिलं की सगळं मिटेल, असं तुझं म्हणणं. किती सोपं. नांदेडला तुझ्या चिकन कारखान्याचं उद्घाटन झालं तेव्हा मला शाल घालून तू माईकवर म्हणालास, "माझ्या बहिणीनं जंतू मारणारा कागद काढला. आता बर्फाची कटकट गेली." मंचावरून उतरल्या उतरल्या मी तुला सांगितलं होतं, दादा, आमच्या प्रयोगशाळेतली ही लवंगतेल लावलेली पातळ फिल्म आहे. मांसाच्या वरच्या थरावर जंतूंची वाढ ती मंदावते. ताजं मांस थंडच ठेवलं तर थोडं जास्त टिकतं, एवढंच. नासलेलं ती ताजं करत नाही. तू हसलास. "एवढं लोकायला कशाला सांगायचं?"

लोक म्हणजे तुझी गिऱ्हाइकं. त्यांची तुझ्या लेखी काय किंमत आहे ते त्याच दिवशी कळलं.

हिमायतनगरला जाणाऱ्या गाडीचं कूलिंग तू बंद ठेवायला लावलंस, डिझेल वाचावं म्हणून. तुझा ड्रायव्हर पंढरी, त्यानंच सांगितलं. त्याला तू कामावरून काढलंस, पण त्याचं तोंड बंद करता आलं नाही. न खपता परत आलेली, फुगलेली पाकिटं फेकायला तुझा जीव झाला नाही. वरची तारीख बदललीस. त्यातली दोन पाकिटं उदगीरला आत्याकडे नेऊन दिलीस. भेट म्हणून. आईच्या माघारी जिनं आपल्याला वाढवलं, तिला द्यायला तुला हेच सापडलं.

पाकीट फोडल्याबरोबर तिनं शेजारणीसमोरच तुला फोन केला होता, "धम्मा, वास येऊन राहिला रे." तू म्हणालास, "कागदाला औषध हाय आत्या. वास आला तरी चालतं. मसाला जास्त टाक." तिनं टाकला. भाच्यानं आणलेलं म्हणून शेजारणीलाही न देता एकटीनं दोन्ही वेळेला खाल्लं.

मी तिला लातूरला आणलं तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. काय खाल्लं असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "बाजारातली भजी." बाजारातल्या भज्यांना ती कधी हात लावत नाही. त्या वेळी तू कुठे होतास? तिच्या फ्रिजमधलं दुसरं पाकीट उचलायला उदगीरला गेला होतास. ते मी आधीच आणलं होतं. अन्न-औषधवाल्यांकडे दिलं आणि जबाबही दिला. कारखान्याला कुलूप लागलं ते त्यामुळे. तुला हे माझ्याकडून ऐकायचं होतं, तर ऐक.

ती जरा बरी होताच तू गाडी आणि हार घेऊन आलास आणि तिला तुझ्या घरी नेलंस. मग तुझा तो फोटो फिरला. आत्याच्या हातात तुझं पाकीट, खाली लिहिलेलं, "आमच्या आत्याचा विश्वास". इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो आपल्याच घरात निघाला.

कॉलेजात मी सांगते की तू तिला ओढून नेलंस. ते खरं नाही. जबाब देऊन आले त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. ती मग म्हणाली, "त्याची चूक झाली असंल. तू तर समजून-उमजून केलंस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. गाडीत बसताना मी तिची पिशवी पुढे केली. तिनं ती तुझ्या हातून घेतली.

जबाब मी मागे घेणार नाही. तिनं सांगितलं तरी नाही.

तिला मीठ कमी द्यायचं आहे. लोणचं मागेल, देऊ नकोस. तपासणीला इकडे आणशील तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर थांबेन, तेवढा रिपोर्ट मला दाखव. पाय सुजले तर लगेच फोन कर. त्या एका कारणासाठी मी तुझा फोन उचलेन.

आत्याची,
बुद्धप्रिया