वळूने अंग झाडलं पाहिजे

१० ऑगस्ट, शनिवार
शाळेला सुट्टी लागली. मास्विंगोहून बसने दुपारी गावी पोचलो. महिनाअखेरीस बाबांना घरी आणण्याचा विधी आहे. गेल्या वर्षी पुरलेल्या माणसाला घरी आणायचं म्हणजे नेमकं काय, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की आत्या सांगत बसते.

ठराव: थोरला मुलगा म्हणून जिथे उभं करतील तिथे उभा राहीन. मनाने तिथे नसेन. चेहरा गंभीर, डोकं साफ.

आईचा खोकला ऐकवत नाही. चुलीच्या झोपडीत निजते आणि दार सताड उघडं ठेवते. बाबा वर्षभर बाहेर आहेत, रानावाऱ्यात, मग मी दार लावून उबेत कशी निजू, असं तिचं म्हणणं. ऑगस्टमधला आमच्या गुटू गावचा वारा हाडात शिरतो. डॉक्टर म्हणाला, छाती एकदा भरली होती, पुन्हा भरली तर अवघड आहे. मी तिला फुप्फुसं, जंतू, सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. दार उघडंच.

विधी झाला की दार लागेल. एवढ्यासाठी आलोय. बाकी सगळं थोतांड.

११ ऑगस्ट
एनोकचा फोन. धाकटा भाऊ, हरारेत पाद्री आहे. येणार नाही म्हणतो. मेलेल्यांना हाक मारली की सैतान ओ देतो वगैरे.

म्हणजे जन्मात पहिल्यांदा आम्हा भावांचं एकमत झालं, की हा विधी करू नये. फरक एवढाच, तिथे खरंच कुणीतरी येतं याची त्याला खात्री आहे, म्हणून तो घाबरतो. कुणीच येत नाही याची मला खात्री आहे, म्हणून मी जाऊ शकतो. घरातला एकमेव नास्तिक हाच घराच्या उपयोगी पडणारा एकमेव मुलगा निघाला. हे आत्याला बोलून दाखवलं. तिने माझ्यापुढे सोलायला शेंगांचं सूप ठेवलं.

१२ ऑगस्ट
वळू पाहिला. काळा, जवान, डोळे शांत. आईने कळपातून स्वतः निवडलाय. त्या दिवशी त्याच्या पाठीवर नाचणीची दारू ओतायची. त्याने अंग झाडलं की बाबा आले, आणि मग वळूला त्यांचं नाव. नाही झाडलं तर बाबा नाराज. मग कुणाचं काय चुकलं ते शोधत बसा, पुन्हा दारू गाळा, तोवर पाऊस यायचा.

म्हणजे आईचं दार एका जनावराच्या कातडीवर अवलंबून! काय चाललंय काय!

मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे. गार काहीही पाठीवर पडलं की गुरं अंग झाडणारच. कातडीखालचा स्नायू असतो, आत्मा नसतो. उद्या प्रयोग.

१३ ऑगस्ट, सकाळी
डबाभर विहिरीचं पाणी. खांद्यापासून शेपटीपर्यंत शहारला, मग सगळं अंग असं झाडलं की माझा शर्ट भिजला. सिद्ध झालं. विषय संपला. हरारेतल्या आमच्या नास्तिक मंडळासाठी यावर निबंध लिहीन. (सभासद सहा. त्यातला एक ईस्टरला चर्चमध्ये सापडला.)

१४ ऑगस्ट
पुन्हा केला. एका प्रयोगावर निष्कर्ष काढणारा मी नव्हे. झाडलं.

१६ ऑगस्ट
झाडलं. रोज करावा लागणार, पुरावा भक्कम हवा.

ग्वातिझो कुंपणाला टेकून बघत होता. हा आमच्या घराण्याचा साहविरा, म्हणजे पिढीजात मित्र, आणि त्याला आमच्यात वाटेल ते बोलायची मोकळीक. बाबांच्या मयतीत त्याने शवपेटीवर काठी आपटून बाबांना म्हटलं होतं, ऊठ, माझी कुऱ्हाड परत दे आणि मग मर. सगळे रडता रडता हसले होते. मी हसलो नव्हतो. रडलोही नव्हतो. आपण त्यातले नाही.

काय चाललंय मास्तर, म्हणाला. गोचीड काढतोय, म्हटलं. मान डोलावून गेला.

१८ ऑगस्ट
वळूशी बोललो. कारण शास्त्रीय आहे. त्या दिवशी गर्दीत तो बिथरायला नको, ओळखीचा आवाज कानात असलेला बरा. विषय कुठलाही चालतो.

आज मृत्यू घेतला. जन्मायच्या आधी आपण नव्हतो, त्याचा काही त्रास झाला का? नाही. मेल्यावरही तसंच. दरवर्षी वर्गात हेच सांगतो. या वर्षी एका मुलीने विचारलं, मग सर, तुमचे बाबा आता कुठे आहेत. मी पटकन म्हणालो, गुटूला. वर्गात कुणी हसलं नाही. मी पुढचा धडा काढला.

वळूने सगळं ऐकून घेतलं. मधे बोलला नाही. बाबाही कधी मधे बोलत नसत.

हे शेवटचं वाक्य खोडायचं. वळू आहे तो.

२१ ऑगस्ट
आज जरा उशिरा झाडलं. वाऱ्यामुळे असणार.

सतरा वर्षांचा होतो तेव्हा बाबांना सांगितलं होतं, देव नाही आणि पूर्वजही कुठे नाहीत, मी विचार केलाय. घाम फुटला होता मला. बाबा म्हणाले, बरं, गुरं आत घे. झालं! त्यानंतर मी त्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला आणि त्यांनी एकदाही घातला नाही. सणासुदीला आलो की मुद्दे काढायचो. ते ऐकायचे, तपकीर ओढायचे, बरं म्हणायचे. त्यांना माझं पटत होतं, की हसू येत होतं, की वाईट वाटत होतं? मला अजून माहीत नाही. आता कळायचा मार्ग नाही. मार्ग नाही हा माझाच सिद्धांत आहे.

हे सगळं वळूला सांगितलं. आवाजाची सवय व्हावी म्हणून.

२४ ऑगस्ट
बायकांनी दारू लावली. आत्या सगळ्यांना बजावून गेली की दारू पिकेपर्यंत घरात कुणी तावातावाने बोलायचं नाही. माझ्याकडे बघून दोनदा बजावलं.

रात्री आई फार खोकली. उठून दार लोटून घेतलं. तिने उठून उघडलं. सकाळी तिने मला मक्याच्या पिठाचा साद्झा जास्तीचा वाढला, भाजी पण. मला भीती वाटते आहे. साधी भीती, त्यात तत्त्वज्ञान काही नाही.

२६ ऑगस्ट
वळूने नुसता कान हलवला. पाणी पुरेसं गार नसणार. उद्यापासून दोन डबे.

माझ्या ब्लडप्रेशरचं त्याच्या कानावर घातलं. चोपन्न वय. मी गेल्यावर मला कुणी घरीबिरी आणायचं नाही, तसं लेखी देऊन ठेवणार आहे. मग मी कुठे असेन? बाहेर. बाहेर म्हणजे कुठेच नाही, हे मला तोंडपाठ आहे. तरी खोलीत जाऊन स्वेटर चढवला.

२८ ऑगस्ट
दोन डबे. काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रवंथ चालू.

घाबरायचं कारण नाही. जनावर शांत झालंय, विधीला शांतच हवं. निष्कर्षाला कुठेही धक्का नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार
पाहुण्यांनी अंगण भरलं. एनोकचा फोन. विधी होऊ नये म्हणून उपास धरलाय म्हणे. मी म्हटलं, तुझी प्रार्थना आणि माझं विज्ञान एकमेकांवर सोडून बघू.

ठराव पुन्हा: मनाने तिथे नसेन.

३१ ऑगस्ट, शनिवार, दुपार
क्रमाने लिहितो.

उजाडताना सगळे थडग्यावर गेलो. दारू ओतली, गात गात परत आलो. ग्वातिझो बाबांची टोपी आणि कोट घालून, बाबांसारखा डावा पाय ओढत पुढे चालत होता. मी मान खाली घालून चाललो. बघवेना.

कुंपणात वळू उभा. सगळे खाली बसून टाळ्या वाजवत होते, हळू, पोकळ. आत्याच्या मुलाने भांडं पाठीवर ओतलं.

काही नाही.

दुसरं भांडं. दारू पोटावरून खाली गळत होती. वळूने जीभ काढून नाक पुसलं. टाळ्या थांबल्या. आत्याने तोंडावर हात धरला. आई होती तिथेच जमिनीवर आडवी झाली, कुणी मारल्यासारखी, आणि म्हणाली, नाही आले. एवढंच. नाही आले.

थोरल्याने बोलायचं असतं अशा वेळी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे गेलो. गुडघ्यावर कधी बसलो ते आठवत नाही. मनात ठरवलेलं एकही अक्षर तोंडातून आलं नाही.

म्हणालो, "बाबा, मी तावेंग्वा. राग माझ्यावर आहे तर माझ्यावर काढा. ती थंडीत निजते. तुम्ही या घरी."

आणि रडलो. गावादेखत. वर्षभराचं एकदम. वळूच्या पायाशी, शेणात. मला खरंच वाटलं की ते तिथे आहेत आणि माझ्याशी बोलायचं नाही म्हणून गप्प आहेत.

तेवढ्यात ग्वातिझो उठला. बाबांचा लंगडा पाय त्याने सोडून दिला आणि दुसऱ्याच कुणासारखा चालायला लागला, ताठ, छाती पुढे. बोटांचा चष्मा केला. रिकामं भांडं उचललं, ओतल्यासारखं केलं, मनगटाकडे बघितलं, हवेत काहीतरी लिहिलं. आणि माझ्या आवाजात म्हणाला, "गोचीड काढतोय."

पोरी आधी हसल्या. मग सगळेच.

मग तो आईपाशी जाऊन बसला. म्हणाला, "वहिनी, उठा. म्होफूचा राग नाही काही. तुमचा मास्तर त्या वळूला रोज आंघोळ घालतोय. आता त्याच्यावर दारू ओता नाहीतर नदी ओता, त्याला सवय झाली."

म्होफू म्हणजे बाबा. आमच्या कुळाचं नाव, त्याच नावाने त्यांना हाक मारत. आईने माझ्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, खोकला आला, परत हसू. वर्षात पहिल्यांदा. आत्या म्हणाली, त्यात काय एवढं, बोकड आणा.

बोकड आणला. अर्ध्या भांड्यातच त्याने असं अंग झाडलं की पुढच्या रांगेला शिंतोडे. बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या, आई उभी राहिली, ढोल सुरू. बाबा घरी आले.

मी शेणातच बसलो होतो. सवयीने प्रतिक्रिया मंदावते, हा धडा मी फॉर्म तीनच्या वर्गाला शिकवतो, आकृतीसह. रोज ओतलेलं पाणी तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही. तिथे एवढे भाविक जमले होते आणि प्रत्येकाकडे काही ना काही तोडगा होता. माझ्याकडेच नव्हता.

१ सप्टेंबर
आईने काल दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज ऐकला. खोकला ऐकू आला नाही, दार जाड आहे. जीव भांड्यात पडला.

एनोकचा फोन. विचारलं, झाडलं का? बोकडाचं सांगितलं. म्हणाला, सैतानाचं काम आहे, मी त्याला धिक्कारतो. मग हळूच म्हणाला, आईने दार लावलं का? हो म्हटलं. रडत होता बहुतेक. रेंजचा आवाजही असू शकेल.

३ सप्टेंबर, मंगळवार
निबंध रद्द. प्रयोगातच खोट होती. कुणाला काही सांगायचं नाही.

आत्याचा निर्णय: नाव बोकडाला. वळू आता कुणीच नाही, नुसता वळू, नांगराला जुंपतील. सगळ्यांचं समाधान झालंय. आई चुलीपाशी गाते आहे. तिला तिचा माणूस मिळाला. माझं काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मला सांगता येणार नाही.

बॅग भरली. दहाची बस होती, आधी जरा कुंपणाशी गेलो. डबा नेला नव्हता. नुसतं विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटत होतं माझं? तो रवंथ करत होता. कुणीच नाही हे माहीत असून थांबलो. उगाच घाई नको म्हणून.

बस गेली. पुढची दोनला. तोवर इथे दुसरं काही काम नाही, म्हणून परत कुंपणाशी जातो आहे.