डॉक्टर मला काहीच बोलले नाहीत

३ मार्च
बायकोच्या, थ्वाच्या कटकटीपायी शेवटी रक्त तपासलं. प्रोस्टेटचा आकडा अकरा. चारच्या आत हवा म्हणे. डॉक्टर विन म्हणाले, तुकडा काढून तपासू. विचार करतो म्हटलं. घरी सांगितलं, नॉर्मल. बायकांना उगाच काळजी कशाला.

४ मार्च, सकाळ
बुलबुलचा पिंजरा घेऊन पक्षी पाळणाऱ्यांच्या कट्ट्यावर कॉफीला गेलो. शांतपणे हिशेब मांडला. तपासण्याचा फायदा: कॅन्सर असला तर कळेल. तोटा: कळेल. शिवाय ऑपरेशन झालं की डायपर, आणि नवरेपण कायमचं रजेवर. हा रोग बरेचदा इतका सावकाश चालतो की माणूस दुसऱ्याच कशाने जातो, असं खुद्द डॉक्टर म्हणाले. "पण" म्हणून पुढेही काहीतरी बोलत होते, तेवढ्यात मी उठलो. स्कूटर उन्हात होती.
निर्णय: थांबायचं. मात्र दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. शिस्तीत.

१२ जून
रक्त पुढच्या आठवड्यात. बुलबुल गात नाही, त्याचं आधी बघायला हवं.

२० नोव्हेंबर
रक्त राहिलंच. कंबर धरलीय. स्कूटरची सीट बदलली.

१५ जानेवारी
सीटने फरक नाही. खिएम सायगॉनहून आला आणि बापाला धरून हॉस्पिटलात नेलं. मोठ्या मशीनखाली झोपवलं. नंतर मायलेकांना डॉक्टरांनी आत बोलावलं, मी बाहेर उसाचा रस पीत बसलो. मला काहीच बोलले नाहीत. थ्वा बाहेर येऊन म्हणाली, मणक्यात गॅप आहे, म्हातारे झालात, दुसरं काय. डोळे लाल. एसी सोसत नाही तिला.
दादाच्या वेळी डॉक्टरांनी मला असंच आत घेतलं होतं. आम्ही त्याला अल्सर सांगितला, शेवटपर्यंत कुणी फुटलं नाही. आपल्याकडे हीच रीत. पण दादाची गोष्ट वेगळी. त्याला खरंच कॅन्सर होता.

२ फेब्रुवारी
पोटात इंजेक्शन. व्हिटॅमिन आहे, थ्वा म्हणाली. तेव्हापासून घामाच्या लाटा येतात. यंदा उकाडा लवकर.

१० फेब्रुवारी
बियर प्यायलो. थ्वा ओरडली नाही, उलट आणखी एक आणून दिली, बर्फ घालून. खिएम रोज फोन करतो. जेवलात का बाबा, काय खावंसं वाटतं? माझ्या स्वभावात सुधारणा झाल्याचा परिणाम असावा.

१८ फेब्रुवारी
खिएम म्हणाला, बाबा, कोट घाला, ज्येष्ठांच्या कार्डासाठी फोटो काढायचाय. स्टुडिओत थ्वाने माझा टाय नीट केला. मग सोडून पुन्हा बांधला. फोटोवाल्याने विचारलं, केवढा मोठा करू? खिएमने हातानेच दाखवलं. कार्ड एवढं नसतं.
दादालाही कार्डाचंच सांगून मी त्याच स्टुडिओत आणलं होतं. तोच फोटो आमच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात आहे.
भीती वाटते. "पण"च्या पुढे डॉक्टर काय म्हणाले होते, ते आता विचारण्यातही अर्थ राहिला नाही. कुणाला काही बोललो नाही. दोघं किती जपतायत.
दादा फोटोत हसला नव्हता, उदबत्ती लावताना बघवत नाही. मी हसलो.