फाटकापाशी एलोयदादा

स्टॉकटन, कॅलिफोर्निया, १२ सप्टेंबर १९६५

ती. एलोयदादास, सा. न. वि. वि.

इकडचे टोमॅटो संपत आले. मुकादम म्हणतो, पुढच्या आठवड्यात बस भरून माणसं डेलानोला द्राक्षतोडणीला न्यायचीत. मी हो म्हटलंय. कारमेनला पाचवा महिना लागलाय, थोरल्याच्या पायात बूट नाहीत. तुझ्या हातचा आंबट मासा खायला मिळेल. कारमेन म्हणते, भावजींनी लग्न केलं नाही म्हणून तरी स्वयंपाक शिकले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मकारिओ

डेलानो, १७ सप्टेंबर

चि. मकारिओस अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. आठ तारखेपासून आम्ही फिलिपिनो संपावर आहोत. मालकानं बराकीचं पाणी, गॅस तोडला; बाहेर चूल मांडून भात शिजवतो. माझ्या बराकीतला क्रिस्पुलो तीस वर्षं इथं राबला, त्याची पेटी रखवालदारानं रस्त्यावर फेकली. आजवर आपण संप केला की मालक मेक्सिकन आणायचा, त्यांनी केला की आपल्याला. काल त्यांनीही आमच्याबरोबर संपात उतरायचं ठरवलं. आता माझाच भाऊ बसमधून आला तर मी त्यांना काय सांगू? बुटांचं मी बघतो. कारमेनला म्हणावं, स्वयंपाक शिकवायला येईन, फी घेईन.

तरी आलास, तर मी मळ्याच्या फाटकाशीच असेन.
तुझा दादा, एलोय

डेलानो, १० ऑक्टोबर

ती. सेवेरिनाताईस, सा. न.

दादा गेल्याची तार तिकडे गावी पोचली असेल. कसं झालं ते लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

दादानं येऊ नकोस लिहिलं होतं, तरी मी बसनं आलो, ताई. फाटकाशी दादानं आपल्या इलोकानो भाषेत हाक मारली, मकारिओ, खाली उतर, भात झालाय. मी गुडघ्यांकडे बघत बसलो. मुकादम ड्रायव्हरवर ओरडला, थांबू नको. बस हिसक्यानं निघाली, काहीतरी आपटलं. मला वाटलं, खड्डा असेल. दुपारपर्यंत मी द्राक्षं तोडत होतो. जेवणाच्या सुट्टीत क्रिस्पुलो कुंपणाशी येऊन सांगून गेला, बसची धडक दादाला बसली.

दादा तीन दिवस जगला. मला कारमेनची तब्येत विचारली फक्त. पेपरात एवढंच आलं की संपात एक मजूर अपघातानं गेला. नाव नाही, देश नाही.

मी परत कामावर गेलो नाही. मातीच्या वेळी शवपेटी उचलायला क्रिस्पुलो, मी आणि दादाच्या बराकीतले चौघे होतो, मी सोडलो तर सगळे साठीच्या आसपासचे. पोरंबाळं त्यांतल्या कुणालाच नाहीत. वाटेत दोनदा पेटी खाली टेकवावी लागली. तिसऱ्यांदा टेकवायच्या आत मेक्सिकन संपकरी पुढं आले आणि त्यांनी खांदा दिला.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. जमेल तेव्हा ठेव.
मकारिओ