जाळीबाहेरची जागा

प्रिय चिमणे,

तू मला ताई म्हणतेस, म्हणून खरं ते आधीच सांगून टाकते. गेलं वर्षभर तुझं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. माझा नवरा कामावरून घरी येतो आणि चहाचा कप उचलायच्या आधी तुझं पुराण सुरू करतो. चिमणीने आज मीटरची चूक पकडली, चिमणी डबा विसरली, चिमणीची बडबड काय थांबत नाही. तुला काम मी शिकवलं, माझ्या जागेवर मी बसवलं, आणि आता तुझं कौतुक ऐकत मी माझ्याच ओट्यापाशी भाजी करपवते.

जळते मी, दुसरं काय. पण तुझ्या वयावर किंवा रूपावर नाही. मी जळते जाळीबाहेरच्या त्या दोन हात जागेवर. केबल तपासायचं ते हजारो व्होल्टचं मशीन उघडून तो आत वाकलेला असायचा आणि मी मशीनभोवतीच्या जाळीच्या दारात उभी, एक हात वीज तोडायच्या लाल बटणापाशी, मशीनची किल्ली खिशात. सहा वर्षं त्याचा जीव माझ्या खिशात होता. घरात एवढा विश्वास तो कुठला टाकायला? गॅस बंद केलास का, हेच तीनदा विचारतो.

परवा तो तुझ्या नावाने खडे फोडतच आला. मशीनमध्ये उरलेली वीज जमिनीत उतरवायची ती अर्थिंगची काठी एकदा टेकवली, ठिणगी उडाली, झालं, म्हणून त्याने काठीचा आकडा काढून ठेवला. तू म्हणालीस, आकडा अडकवूनच ठेवा, नाहीतर बाहेर या. तो हसला. तू त्याला बाहेर काढलंस, दाराला कुलूप घातलंस, आणि काम संध्याकाळपर्यंत लटकलं. आता त्याने तुझी लेखी तक्रार केली आहे. सोमवारी साहेब तुला तिथून हलवणार, असं म्हणत होता.

ऐकून मला आधी बरंच वाटलं, लपवत नाही. म्हटलं, गेली एकदाची. मग सकाळी त्याच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावायला घेतली. उजव्या हाताची दोन बोटं त्या मशीनचा झटका बसला त्या अपघातापासून वळत नाहीत, म्हणून बटणं मी लावते.

त्या दिवशीही त्याने आकडा काढला होता. कामात आडवा येतो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. एकदा उतरवलेला विजेचा दाब कपॅसिटरमध्ये आपोआप पुन्हा चढतो, काम संपेपर्यंत आकडा निघता कामा नये, हे तुझ्याकडून मीच घोकून घेतलंय. पण चारचौघांत त्याला बाहेर काढलं तर तो दुखावेल, म्हणून मी गप्प राहिले. नंतर चौकशीत लिहून दिलं, आकडा निसटला. मुलाच्या शाळेसाठी नोकरी सोडली असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दारात मला पुन्हा उभं राहवेना.

सोबत दुसरा कागद आहे. त्यात त्या दिवशीचं खरं काय ते लिहिलंय, खाली माझी सही आहे. सोमवारी साहेबांपुढे ठेव. तो चिडेल, महिनाभर बोलणार नाही, ते मी बघून घेईन. मला सहा वर्षांत जमलं नाही ते तू एका सकाळी केलंस, आणि त्यासाठी मी तुझ्यावर जन्मभर जळणार आहे. ती जागा सोडू नकोस. तो हसला तरी सोडू नकोस. बटणं तेवढी मी लावत जाईन.

तुझ्यावर खार खाऊन असलेली, तरी तुझीच,
ताई