शुक्रवारचा किनारा

प्रिय नीना,

तुझी चार ओळींची चिठ्ठी शेजारच्या डोन्या ओतिलियाच्या भाच्याने आणून दिली, त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत आमच्या घरात एकही जेवण शांतपणे झालेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी येते, रविवारी सकाळी निघते, शुक्रवारी समुद्रावर जाऊ, किनारा तू निवड. बस, एवढंच. चौसष्ट वर्षं समुद्राकडे पाठ करून राहिलेल्या बाईने चार ओळी खरडायच्या आणि डोकेफोड मात्र मी करायची. त्यात शुक्रवार कुठला, तर गुड फ्रायडे. त्या दिवशी समुद्रात उतरलेल्याचा मासा होतो, हे आईने आपल्याला जन्मभर ऐकवलं, आणि सान मिगेलच्या या गल्लीतल्या म्हाताऱ्या अजूनही ऐकवतात. म्हणजे मला शोधायचा आहे तो पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी चांगला समुद्र. असला घोळ तूच घालू जाणे.

चूक माझीही आहे. ती चिठ्ठी मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. पूर्वी वर्गात उभा राहून कविता वाचायचो ना, तसं काहीही वाचलं तरी माझा आवाज चढतो. ऐकल्याबरोबर प्रत्येकाने तोंड घातलं. माझी दामारिस म्हणाली, पपा, रस्ता चांगला हवा. तिला समुद्राशी देणंघेणं नाही. तिच्या मांडीवर राजम्याच्या खिरीचं पातेलं असणार, नारळाच्या दुधातली पातळ खीर, आणि खड्डा आला की ती सांडणार. म्हणून तिने कागदावर किनारे लिहून खड्ड्यांप्रमाणे फुल्या मारल्या आहेत. जावई रादामेस बायाइबेचं नाव घेऊन बसलाय. दोन तास जायचं, दोन तास यायचं, गाडीतली गार हवा खायची आणि गाडी सावलीत लावायची. मी विचारलं, अरे, आणि समुद्र? तर म्हणाला, सासरेबुवा, समुद्र काय, सगळीकडे ओलाच असतो. ओतिलियाला तर कुणी विचारलंही नव्हतं. ती खिडकीतूनच म्हणाली, डॉन आनिबाल, नाहायोला चला, तिथल्या लाटा बघूनच माणूस मागे सरकतो, मोह म्हणून होत नाही. नात यारीसा दिवसभर फोनवर किनाऱ्यांचे फोटो दाखवते. तिला हुआन दोलियोच्या हॉटेलात जायचंय. तिथे दारातच मनगटाला पट्टी बांधतात, इस्पितळात बांधतात तशी, आणि संध्याकाळपर्यंत खा-प्या. घरचं पातेलं मात्र आत नेऊ देत नाहीत, म्हणून मायलेकी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी तिला म्हटलं, पोरी, त्या दिवशी पाण्यात जायचं नसतं, मासा होतो. ती म्हणाली, झाले तर बरंच की आजोबा, पोहत न्यूयॉर्कला जाईन, व्हिसाची कटकट नाही. सगळे हसले. मी ताटावरून उठलो. माझ्या मागे दामारिस तिला हळूच दटावत होती, तेवढं ऐकू आलं.

दामारिसला थोडंफार माहीत आहे. गुड फ्रायडेला अख्ख्या शहरात खारवलेला मासा शिजतो आणि आपल्या घरात नाही, एवढं तर ती लहानपणापासून बघत आली. आपली आई होती तोवर दामारिस दर वर्षी तिच्याबरोबर मालेकोनवर, समुद्राच्या कठड्यापर्यंत जायची. आई रुमालात पाव बांधून न्यायची आणि तुकडे पाण्यात टाकायची. दामारिसने एकदा विचारलं, कुणाला? तर आई म्हणाली, तुझ्या तिनोकाकाला. अगदी साध्या आवाजात, शेजारी कुणाला खीर पाठवावी तसं.

तर काल शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, आणि तीच माझी खरी अडचण. बोका चिका. शहरापासून जवळ, रस्ता सरळ, सावली आहे, तळलेली मासळी आहे (ती आपण खाणार नाही), आणि पाणी तर कसं, खडकांच्या रांगेपर्यंत चालत जावं, सगळीकडे कमरेएवढं. तिथे कोण बुडणार, असं रादामेस म्हणाला. मी म्हटलं, गर्दी फार. दामारिस म्हणाली, त्या दिवशी सगळीकडेच गर्दी. मी म्हटलं, गाण्यांचा दणदणाट. यारीसा म्हणाली, आजोबा, तुम्हाला उजव्या कानाने ऐकू येत नाही, त्या बाजूला लाउडस्पीकर ठेवू. मी म्हटलं, खुर्च्यांचे दर वाढवलेत. ओतिलिया खिडकीतून म्हणाली, खुर्ची माझी न्या. मग मला संताप आला आणि मी टेबलावर हात आपटला. कमरेएवढं, कमरेएवढं म्हणतात सगळे. सहा वर्षांच्या पोराची कंबर कुठे असते, ते कुणी विचारत नाही. हे मी बोललो नाही. नुसता हात आपटला, आणि खिरीची वाटी सांडली. दामारिस म्हणाली, बघा, खड्डा नसतानाही.

मला तुझा राग येतो तो याच्यासाठी. पंच्याऐंशी साली आईला पोचवायला आलीस तेव्हा दोन दिवस राहिलीस. मालेकोनवरून गाडी जाऊ नये म्हणून ड्रायव्हरला आतल्या रस्त्यांनी फिरवलंस, कोलंबसाच्या पुतळ्याला तीन वेळा वळसा पडला. आता शहात्तराव्या वर्षी तुला समुद्र हवा, आणि निवडणार कोण, तर मी.

तुला आमचे मास्तर डॉन लिसांद्रो आठवतात? काळा कोट, कोपरांवर ठिगळं. समुद्रावरची ती मोठी कविता त्यांनी आम्हाला पाठ करायला दिली होती, ईस्टरनंतरच्या सोमवारी म्हणायला. तेव्हा या शहराचं नावसुद्धा वेगळं होतं, गल्लीत बर्फवाल्याची गाढवं येत, आणि मला वाटायचं, मोठा होऊन मी कवीच होणार. झालो छापखान्यात अक्षरांचे खिळे लावणारा जुळारी. दुसऱ्यांच्या ओळी उलट्या लावण्यात चाळीस वर्षं गेली. पण ती कविता अजून येते मला. सकाळी अंगणात फुलझाडांना पाणी घालताना म्हणतो. पहिली तीन कडवी सरळ, पाचव्यापासून शेवटपर्यंत सरळ. चौथं येत नाही. यारीसा म्हणते, फोनमध्ये शोधून देते. मी नको म्हणतो.

परवा रविवारी डॉमिनो खेळायला जातो असं घरी सांगून मी एन्रिकियो बागेशी गेलो आणि बोका चिकाच्या बसमध्ये चढलो. एकटा. कंडक्टर म्हणाला, सरकून घ्या म्हातारबुवा, इथे पाच बसतात. तू मला किनारा निवडायला सांगितलास, तर म्हटलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यावा. वाळूपर्यंत पोचलो, बूट काढले नाहीत. बदामाचं ते झाड अजून आहे, नीना. बुंध्याला भाड्याच्या, पाण्यात तरंगायच्या रबरी चाकांची साखळी बांधलीय, पण आहे. तिथे मोठ्या पुऱ्यांसारखे यानिकेके तळणारी एक जाडजूड बाई मला म्हणाली, माझ्या राजा, बसतोस की नुसताच बघतोस? मी म्हटलं, बघतोय. ती म्हणाली, बघ, बघ, समुद्र कुठे पळून जात नाही. तिच्या कढईसमोर तेव्हा होती तेवढीच लांब रांग होती. मी रांगेच्या शेवटच्या माणसापासून झाडापर्यंत पावलं मोजली. एकशे चाळीस. माझ्या आत्ताच्या पावलांनी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो, नाहीतर पुन्हा किनाऱ्यांचीच नावं लिहीत राहीन. त्या शुक्रवारी मामाने आपल्याला त्या झाडाखाली उतरवलं, पाण्यात पाय घालू नका म्हणाला आणि ट्रक घेऊन साखर कारखान्याकडे गेला. मी चौदाचा, तू बाराची, तिनो सहाचा. भूक मला लागली होती, तुला नाही. मीच म्हटलं, नीना, तू यानिकेके आण, मी बघतो याला. तू म्हणालीस, नक्की बघशील ना? मी म्हटलं, जा गं. मग मी पुस्तक उघडलं. चौथ्या कडव्यावर तिनोने माझी बाही ओढली. म्हणाला, आनी, खरंच मासा होतो का? मी म्हटलं, गप्प बस. त्याने परत ओढली. आनी, पण खवले येतात का? मी वैतागलो, नीना. आत्ता या अकरा दिवसांत वैतागतोय तसाच. मान वर न करता म्हटलं, जा, होऊन बघ, आणि मला वाचू दे. तो गेला. मी वाचत राहिलो. तू हातात तीन यानिकेके घेऊन आलीस आणि विचारलंस, तिनो कुठे? तोवर मला ठाऊकही नव्हतं की तो तिथे नाही. संध्याकाळी आईने विचारलं, त्याच्याबरोबर कोण होतं? आणि मी म्हटलं, नीना. तू काहीच बोलली नाहीस. रांगेत उशीर केला म्हणून तूच स्वतःला दोषी धरून बसली असणार. आईने तुझ्यावर कधी हात उगारला नाही, पण पुढे आठ वर्षं कुणाचं मूल तुझ्या हातात दिलं नाही. विसाव्या वर्षी तू निघून गेलीस तेव्हा धक्क्यावर मी तुझी पेटी उचलली आणि तोंड उघडलं नाही. आई खरं न कळता गेली. मी प्रत्येक वर्षी ठरवायचो, पुढच्या वर्षी.

हे पत्र ओतिलियाचा भाचा येत्या मंगळवारी विमानाने तुझ्याकडे नेईल, म्हणजे तू निघायच्या आधी तुझ्या हातात पडेल. वाचून यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. घरच्यांना मी काय ते सांगेन, आणि या वेळी खरं सांगेन. किनारा मात्र मी निवडलाय. बोका चिका, ते बदामाचं झाड. बाकीची मंडळी पातेलं घेऊन उशिरा येतील, दामारिसला मी तसं बजावलंय. मी सकाळी साडेसातला पोचतो, म्हणजे झाडाखालची जागा मिळेल. या वेळी बूट काढेन. पाण्यात उतरेन, गुडघ्यापर्यंत का होईना, मग ओतिलिया काय म्हणायचं ते म्हणो. आणि आलीस, तर तू खुर्चीवर बस. कुणाकडेही लक्ष ठेवायचं नाही, नुसतं बसायचं. यानिकेकेच्या रांगेत मी उभा राहतो.

बाही ओढण्याइतक्या अंतरावर राहिलेला, तुझाच,
आनी