मशीनला दोन्ही झेपेल का?

सिडको, नाशिक
१५ जानेवारी २०२६

चि. सायलीस,
अ. उ. आ.

तुझ्या शाळेच्या डोंगरावर रेंज येत नाही म्हणून आम्हाला या काळात कागद-पेन शोधावं लागतंय, हे कंपनीत सांगितलं तर सगळे हसले. आई मात्र खूश आहे, पाकिटं तिनेच आणून ठेवलीत. पत्र झिपरूभाऊंच्या जीपने येतंय, सोबत तिळगूळ आहे. शाळेतल्या पोरींना वाटून उरला तर तूही खा आणि गोड बोल.

गोड बोल हे मुद्दाम लिहिलं, कारण पुढचं वाचून तू आरडाओरडा करणार. आपला जुना कॉम्प्युटर बाजूला काढला आणि नवीन गेमिंग मशीन घेतलं. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे, ग्राफिक्स कार्ड दणकट, रॅम भरपूर, प्रोसेसरही अगदी नवा. तुझ्या वहिनीने, पूजानेच पसंत केलं. तुझी खुर्ची रिकामी पडली होती, तिथे आता ती बसते. काल तिची पहिली संक्रांत, तर काळी साडी नि हलव्याचे दागिने घालूनच लाइव्ह खेळायला बसली. बघणाऱ्यांनी नुसता धुमाकूळ घातला.

पण एक भानगड आहे. दुपारी नुसतं खेळलं तर गेम मस्त पळतो. संध्याकाळी खेळता खेळता लाइव्ह दाखवायला घेतलं की थोड्याच वेळात पंखे बोंबलायला लागतात, चित्र अडकतं, आवाज तुटतो. इंटरनेटवाला येऊन गेला, लाइन चोख आहे म्हणाला. दुकानदार म्हणतो, खेळणं आणि दाखवणं दोन्ही या मशीनला आरामात झेपतं. पूजाही तेच म्हणते. मला मात्र तुझं मत हवंय. जुनं मशीन तूच एकेक भाग आणून जोडलं होतंस. तू नाही म्हणालीस तर दुकानदार महिनाअखेरपर्यंत परत घ्यायला तयार आहे.

आईची हळदीकुंकवाची गडबड रथसप्तमीपर्यंत चालेल. थंडीत जपून राहा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
रोहित


आश्रमशाळा, ता. सुरगाणा
१९ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. गोड बोलणार नाही.

काल बाजाराला सुरगाण्यात उतरले होते. तिथे रेंज येते, म्हणून एसटी स्टँडवर उभी राहून तुमच्या संक्रांतीच्या लाइव्हचं रेकॉर्डिंग बघितलं. चॅनलचं नाव अजून 'सायली-दादा' आणि सायलीच्या खुर्चीत तुझी बायको! कानाला हेडफोन माझाच. समोरचा गडी टिपला की 'बसला का फटका!' असं मी ओरडायचे, ते आता ती ओरडते, माझ्याहून मोठ्याने. वर लोक तिला लाल बदाम पाठवतात. बाया पाट्या घेऊन जीपमध्ये चढत होत्या आणि मी तिथे उभी राहून मुळूमुळू रडत होते. मला हे आवडलं नाही, दादा. अजिबात नाही. जळफळाट म्हण हवं तर, होतोच आहे.

तू म्हणशील, नोकरी तूच घेतलीस. घेतली. मुली गोड आहेत, नागलीच्या भाकरीची सवय झाली, वर्गात उभं राहिलं की बरं वाटतं. म्हणून काय मी माझी जागा वाटून टाकली होती? सुट्टीत येऊन बसायला एक खुर्ची तरी राखायचीस. आणि जुना कॉम्प्युटर मला न विचारता बाजूला काढलास, तो कोणाच्या गळ्यात घातलास तेही लिहिलं नाहीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मशीनला दोन्ही झेपणार नाही. एक तर खेळा, नाही तर दाखवा. दुकानदार विकायलाच बसलाय, तो हो म्हणणारच. आणि तुझ्या बायकोला यातलं काय कळतं? माहेरी निफाडला द्राक्षाच्या पेट्या भरताना कॉम्प्युटर शिकवत असतील तर मला ठाऊक नाही. लाइव्ह बंद कर, मशीन परत कर. मे महिन्यात मी आले की आपण दोघं मिळून बघू.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्या गुडघ्याला रोज तेल लावून दे.

तुझ्यावरचा हक्क अजून सोडलेला नाही, हे लक्षात असू दे.
तुझी धाकटी,
सायली


सिडको, नाशिक
२३ जानेवारी २०२६

प्रिय सायलीवन्सं,
स. न. वि. वि.

एरवी मी तुम्हाला नावानेच हाक मारली असती, पण आई म्हणाल्या, पत्रात वन्संच शोभतं.

तुमचं पत्र मी वाचलं. ह्यांनी ते टेबलावरच ठेवलं होतं आणि मी काही फार सभ्य बाई नाही. द्राक्षाच्या पेट्यांचं वाचून आधी मनातल्या मनात तुम्हाला भरपूर शिव्या दिल्या. मग मशीन का अडकतं ते शोधायच्या मागे लागले, आणि सापडलं.

संध्याकाळी लाइव्ह सुरू झालं की बिल्डिंगमधल्या बाया नि पोरं बघायला जमतात. सध्या हळदीकुंकवाला येणाऱ्याही डोकावतात. मशीन आमच्या पाठीमागे, दाराजवळ. त्याचे दिवे बघून एकेकीचे डोळे विस्फारतात. आईंना धास्ती, की मशीनला दृष्ट लागेल. म्हणून माणसं यायला लागली की त्या हळूच त्यावर आपली लोकरीची शाल पांघरतात, चारी बाजूंनी खोचून, आणि सगळे गेले की काढून घेतात. आमची तोंडं पडद्याकडे, आम्हाला पत्ताच नाही. मी पाणी प्यायला उठले तेव्हा दिसलं. शालीत कोंडून मशीन तापायचं आणि मग अडकायचं. दुपारी कोणी येत नाही, शाल नाही, म्हणून दुपारी सगळं सुरळीत. काल आई लताबाईंकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. काल लाइव्ह शेवटपर्यंत एकदाही अडकलं नाही.

मी नाचत ह्यांना सांगितलं. तर म्हणाले, योगायोग असेल, सायली नाही म्हणाली म्हणजे नाही. माझं ऐकूनच घेतलं नाही. मशीन ३१ तारखेला, शनिवारी दुकानात परत द्यायचं ठरवलंय आणि चॅनलही कायमचं बंद. सायलीला त्रास होतो तर कशाला चालवायचं, असं म्हणाले.

तुम्हाला माझा राग येतो. मला तुमचा किती येतो तेही ऐका. या घरात चहात आलं घालायचं तेही 'सायली घालायची तसं'. लाइव्हवर निम्मे लोक विचारतात, ताई कुठे गेली. तुमचं ते 'बसला का फटका' मी मुद्दाम ओरडते, कारण त्याशिवाय माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. जुना कॉम्प्युटर माळ्यावर जपून ठेवलाय, मला धूळही पुसू देत नाहीत. आणि मी डोळ्यांनी बघितलेलं खोटं, तुम्ही डोंगरावरून न बघता लिहिलेलं खरं! लग्न झाल्यापासून एवढा हेवा मला दुसऱ्या कोणाचा वाटला नाही.

तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारते. ह्यांनी कळवलेलं सगळं वाचून तुम्हाला खरंच वाटलं का, की मशीनला झेपणार नाही? वाटलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर ह्यांना एक ओळ लिहा.

लोभ आहे असं लिहीत नाही, अजून तसा नाही. व्हावा अशी इच्छा आहे.
तुमची वहिनी,
पूजा


आश्रमशाळा, ता. सुरगाणा
२८ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झिपरूभाऊंची जीप थांबवून ठेवली आहे, ते हॉर्न वाजवतायत. हे पत्र शनिवारच्या आत तुझ्या हातात पडलंच पाहिजे.

वहिनीचं पत्र आल्यापासून माझी नुसती चिडचिड चालली आहे. वर्गात मुलींवर उगाच ओरडले, तर एकीने विचारलं, बाई, घरून काही वाईट आलंय का. काय सांगणार तिला? माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. वहिनी माझ्या खुर्चीत बसते ते आवडत नाही आणि मे महिन्यात आल्यावरही आवडणार नाही. माझं ओरडणं तिने सोडावं, स्वतःचं काहीतरी शोधावं. तिचा नेम माझ्याहून चांगला आहे, तिला गरज नाही. हे तिला सांगू नकोस.

मशीन परत करू नकोस. तुझं पत्र वाचतानाच मला कळलं होतं की त्याला दोन्ही आरामात झेपतं. तरी नाही म्हणून लिहिलं. माझ्याशिवाय तुमचं छान चाललंय, हे मला बघवलं नाही. मला वाटलं, लाइव्ह बंद पडलं की माझी जागा मी येईपर्यंत तशीच राहील. आणि तू एका ओळीवर सगळं चॅनलच गुंडाळायला निघालास! अरे, थोडं तरी भांडायचंस माझ्याशी.

आईची शाल तिच्या खांद्यावर दे आणि तिला रागावू नकोस. बिल्डिंगमधल्या बायांना बोल लावू नको, म्हणावं. दृष्ट लागली ती सुरगाण्याहून लागली.

आणि एक. आता मशीनचं मला विचारत जाऊ नकोस. शेजारी बसून जी बघते तिला विचार आणि ती सांगेल ते ऐक. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं आहे.

ती. सौ. वहिनीस माझा नमस्कार सांग.
तुझी,
सायली