राजाचं लग्न श्रावणात झालं

आये,

त्या मालिकेचा शेवट तुला आवडला नव्हता. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या रविवारी सगळे बोलत होते आणि तू एकटीच गप्प होतीस. सावली चोरलेल्या राजकन्येची ती मालिका. जादूगार तिची सावली चोरतो, आणि सावली नसलेल्या माणसाला घरचेसुद्धा ओळखत नाहीत, म्हणून राजा असलेला तिचा सख्खा भाऊ तिला दारातून परत पाठवतो. मग ती सावली शोधत रानात, समुद्रात, पाताळात हिंडत राहते. पहिली दोन पर्वं आपल्या वाडीनं जेवणं खोळंबवून पाहिली. तिसऱ्यात काहीतरी बिघडलं. राजकन्येचं काम करणारी मुलगीच बदलली, बोलणारं कासव न सांगता नाहीसं झालं, आणि शेवटच्या रविवारी ती सावली घेऊन भावाच्या दारात पोचली तर तिचा धूर झाला. एका ऋषीनं डोळे उघडून सांगितलं की हे सगळं त्याचं स्वप्न होतं. आपल्या ओसरीवर काका उसळले, "ह्याच्यापेक्षा आमचो दशावतार बरो. थंय राक्षस वेळार तरी मरता!" शेजारची काकी म्हणाली, "सावली गावली नि बाईच गेली? मगे ती सावली आता काय वाळत घालतले?" सगळे हसले, पण ते हसणं चिडलेलं होतं. तू हात पुसत उठलीस आणि भाताची पेज गाळायला गेलीस.

तुला कसली चिंता होती ते मला माहीत होतं. बुधवार येणार होता. मालवणच्या बंदरावर लिलावात मासे घेऊन तू कुडाळकडच्या गावांत एसटीनं जायचीस, आणि पिंगुळीच्या पलीकडच्या त्या डोंगराआडच्या वाडीत टीव्हीला धड चित्र दिसायचं नाही. तिथल्या बायांना मालिका तुझ्याच तोंडून कळायची. सोमवारी तिथे कुणी मासे खायचं नाही, मंगळवारीही बरीच घरं नको म्हणायची, त्यामुळे रविवारची गोष्ट तुझ्याजवळ बुधवारपर्यंत राहायची. मासे इतके दिवस राहिले नसते, गोष्ट मात्र मुरायची. श्रावणात त्या घरांत मासे बंद, तुझी माशांची पाटीही घरीच, म्हणून त्या महिन्याची सगळी गोष्ट गणपती झाल्यावर एकदम सांगावी लागायची, आणि त्यातलं काहीतरी सुटायचंच.

मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टी असली की दुसरी पाटी घेऊन तुझ्याबरोबर यायचे. अजून डोळ्यांसमोर आहे ते शेवटचं घर. तू अंगणात पाटी उतरवतेस, घरची बाई पायरीवर बसून बांगडे उलटेपालटे करते. ती तोंडाची तिखट. "गोष्टी सांगून बांगडे म्हाग केलंस गो तू. पिंगुळीचे चित्रकथी सांगणारे निदान चित्रां तरी दाखवतत." तू म्हणतेस, "आधी बांगड्यांचो वाटो घे, मगे राजकन्या." आणि मागे, दाराच्या चौकटीला टेकून, तिची नणंद उभी असते. सासरच्यांनी परत पाठवलेली. भावाच्या घरात ती सगळं करायची, काजूच्या बिया सोलून सोलून तिची बोटं काळी पडली होती, पण वहिनी पायरीवर असताना ती कधी पायरीवर बसली नाही. तुला पाण्याचा तांब्या तीच आणून द्यायची. गोष्टीतलं तिनं कधी काही विचारलं नाही. इतर बाया मध्ये मध्ये टोकायच्या, ही फक्त ऐकायची, आणि राजकन्येला कुणी दारातून परत पाठवलं की आत निघून जायची.

त्या बुधवारी मात्र तिनं विचारलं. तुझी पाटी खाली टेकण्याआधीच. "घेतल्यानी काय तिका घरात?"

मी तुझ्याकडे पाहिलं. धूर आणि ऋषी तू कसे सांगणार, हा एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. तू पाणी प्यालीस, तांब्या खाली ठेवलास आणि सांगू लागलीस. "दारात इली. सावली होती अंगार, सगळ्यांनी वळाखली. पण कोणाक बोलूक जमेना. राजा मान खाली घालून उभो. इतक्यात भावजय भायर इली नि तांब्याभर पाणी दिल्यान. म्हटल्यान, पाय धू गो, चलान चलान दमलंस."

पायरीवरच्या बाईचा हात बांगड्यांवरच थांबला. "भावजय खंयसून इली मध्येच? राजाचा लगीन कधी झाला?"

"श्रावणात झाला गो," तू म्हणालीस, डोळ्याचं पातंही न हलवता. "तेव्हा तुमचे मासे बंद. मगे तुमका कोण सांगतला?"

तिनं वाटा घेतला आणि आत गेली. नणंद चौकटीपाशी तशीच उभी होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मगे?" तू म्हणालीस, "मगे काय, जेवली. आणि काय?"

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले. हे खोटं आहे, उद्या त्यांना कळलं तर काय वाटेल, असं पुस्तकी बरंच काही. तू रिकामी पाटी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होतीस. "कुसके मासे मी कोणाच्या दारात नेलंय काय कधी?" तू म्हणालीस. "मगे ह्यो शेवट कित्याक नेव?" आणि वर, "शिकलंस म्हणान सगळ्यात नाक घालू नको." हा युक्तिवाद मला तेव्हा पटला नव्हता. खरं सांगायचं तर आजही पुरता पटत नाही. माशाचा वास येतो, गोष्टीचा येत नाही, आणि ऐकणाऱ्याला निवड करताच आली नाही, हे मला खुपतंच.

पुढच्या खेपेला ती नणंद पायरीवर बसलेली दिसली, वहिनीच्या शेजारी नव्हे, खालच्या पायरीवर. ते तुझ्या गोष्टीमुळे असेल किंवा नुसतंच पाय दुखत होते म्हणून. मी तुला तसं म्हटलं, तर तू म्हणालीस, बसली ना, मग झालं. वर्षभरानं त्या वाडीत केबल आली, मालिका पुन्हा लागली आणि व्हायचं तेच झालं. तू अंगणात शिरताच वहिनी ओरडली, "फसवलंस गो माका! राजाचा लगीन लावलंस!" तू शांतपणे चुंबळ काढलीस. ती बाई कमरेवर हात ठेवून तुझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसू आवरेना म्हणून पायरीवरच बसली. "बस," ती म्हणाली, "श्रावणात आणखी काय काय झाला, ता सांग आता." आणि मागे वळून हाक मारली, "भायर ये गो, ही इली."

तू गेल्यावर मी त्या वाडीत गेले नाही. पाटी घेतल्याशिवाय तिथे कसं जायचं ते मला कळलं नाही. तुला आलेली पत्रं मी वाचून दाखवायचे, तेव्हा शेवटी तू हटकून विचारायचीस, "इतक्यांच लिवल्यान?" हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वाचून दाखवायला तू नाहीस, तरी तो प्रश्न ऐकू येतोच. म्हणून राहिलेलं एवढं लिहिते.

परवा फोनवर त्या जुन्या मालिकेची चर्चा चाललेली दिसली. इतक्या वर्षांनीही लोक त्या धुरावर आणि ऋषीवर चिडलेले आहेत. मी सहसा अशा ठिकाणी काही लिहीत नाही. त्या दिवशी लिहिलं, की मला आठवतो तो शेवट वेगळा आहे, भावजय पाणी घेऊन बाहेर येते. तो शेवट माझ्या आईचा, हे वाक्य लिहिलं होतं, पाठवताना पुसलं. संध्याकाळी खाली कुणा अनोळखी मुलीनं लिहिलं होतं, "हो, हाच. राजाचं लग्न श्रावणात झालं होतं ना? आमची आत्या झोपवताना सांगायची."

तू कुठली, तुझी आत्या कशी आहे, हे मी तिला विचारायला हवं होतं. निदान खरं काय ते सांगायला हवं होतं. आये, मी लिहिलं, "हो, श्रावणातच. तेव्हा तुमच्याकडे मासे बंद होते."